स्ट्रॅटेजीचा प्रश्न आला की टॅक्सी आठवा

प्रॉडक्ट मॅनेजरच्या (अ‍ॅपमध्ये काय बनवायचं ते ठरवणाऱ्याच्या) मुलाखतीत ‘या अ‍ॅपची पुढची दिशा काय?’ असं विचारलं की बहुतेक जण थेट फीचर्स मोजायला लागतात. तिथेच गाडी घसरते. सरावाला आपल्या गोव्यातलंच उदाहरण घ्या: 2018 मध्ये सुरू झालेलं टॅक्सी-अ‍ॅप गोवामाइल्स. पर्यटकाला ठरलेलं भाडं हवं, पण स्थानिक टॅक्सीवाल्यांचा विरोध. आणि चालकच नसतील तर प्रवासी अ‍ॅप उघडून करणार काय? मग आधी कुणाला जोडायचं, सुरुवात विमानतळावरून की किनाऱ्यावरच्या हॉटेलांपासून, पावसाळ्यात पर्यटक ओसरले तर काय करायचं, हे ठरवणं म्हणजे स्ट्रॅटेजी. पणजी-मडगाव बसमध्ये (मनातल्या मनात, बरं का) पाच मिनिटांत उत्तर मांडून बघा. काय करणार नाही आणि का, तेही सांगा. समोरचा तिथेच कान टवकारतो.