ओटा कापण्याआधी एवढं बघा

नवा हॉब, म्हणजे ओट्यात बसणारी शेगडी, घ्यायचाय? दुकानात जाण्याआधी आठवडाभर आपलाच स्वयंपाक न्याहाळा. घरात रोज भाकरी होत असेल तर गॅसच घ्या. तव्यावरून उचलून आचेवर धरलेली भाकरी जशी टम्म फुगते, तशी इंडक्शनच्या काचेवर फुगत नाही. कापडाने दाबून फुगवता येते म्हणा, पण आमच्याकडे तिला कुणी भाकरी म्हणत नाही!

चहा, दूध, वरण-भात एवढंच असेल तर इंडक्शन उत्तम. फ्रिजवरचं चुंबक काढून भांड्यांच्या बुडांना लावून बघा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. बिडाचा तवा चालतो. साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणि पितळी पातेलं नाही. स्टीलचं मात्र लावूनच कळतं. 2000 वॅटच्या इंडक्शनला 16 अँपिअरचा सॉकेट हवा, मिक्सरचा 6 अँपिअरचा नको.

गॅसचा हॉब ओट्यात बसवायचा तर ग्रॅनाइट कापावा लागतो. म्हणून आधी हॉब आणा, मगच त्याच्या मापाने कापून घ्या. कापलेला दगड परत जोडता येत नाही. दुकानात घरची मोठी कढई आणि कुकर शेजारी ठेवून बघा; चार बर्नर असूनही दोनच भांडी मावतात, असं सर्रास होतं. पाइपगॅस असेल तर आधीच सांगा, त्याचे जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक तोंडं) सिलिंडरपेक्षा वेगळे असतात.