ओव्हरटाइमचा फरक असा मिळाला

2023 च्या दिवाळीत दादरच्या कपड्यांच्या दुकानात आम्ही पंधराजण रोज बारा तास उभे होतो. जादा तासांचे पैसे मिळाले, पण साध्याच दराने. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार आठवड्याला 48 तासांपुढे दुप्पट दर मिळायला हवा होता. शेठ म्हणाले, "इथे असंच चालतं."

रात्री लोकलमध्ये मी येण्याजाण्याच्या वेळा खिशातल्या डायरीत लिहायचो. घामाने पानं चिकटली होती, पण तारखा स्वच्छ दिसत होत्या. त्यावरून हिशेब मांडून लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घेतली. ही पोच घ्याच, तोंडी बोलण्याला कुणी विचारत नाही. मग पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात दुकाने खात्याकडे तक्रार केली. त्यांनी हजेरीपट मागवला. महिन्याभरात पंधराही जणांचा फरक खात्यात जमा झाला.