ओ३ पावडरचा घोळ जेल होणं कसं थांबवलं

सोडियम-आयन बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडसाठी सोडियम-निकेल-लोह-मँगनीज ऑक्साइडची ओ३ (अणुथरांच्या एका ठरावीक रचनेची) पावडर बाइंडरमध्ये (कण चिकटवून धरणाऱ्या पीव्हीडीएफ पॉलिमरच्या द्रावणात) कालवली की थोड्याच वेळात तिची खळ व्हायची; ब्लेडने फॉइलवर पसरेचना. आधी संशय बाइंडरवर. पण पावडर पाण्यात ढवळून पीएच पाहिला, तर १२ च्या वर! म्हणजे कणांवर सोडियम कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड बसलेलं. अशा अल्कलीमुळे पीव्हीडीएफमधून हायड्रोजन फ्लोराइड सुटतो, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि जेल होतं.

पावडर भट्टीत भाजून बनवताना सोडियम उडून जातं म्हणून ५ टक्के सोडियम कार्बोनेट जादा घालायची पद्धत आहे. माझ्या मुशीला झाकण होतं, फारसं उडत नव्हतं. जादा प्रमाण २ टक्क्यांवर आणलं. त्याहून कमी केल्यावर एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात) ४३ अंशांच्या कोनापाशी निकेल ऑक्साइडचं बारीक शिखर डोकावलं, म्हणून तिथेच थांबलो. तापमान ९०० अंश सेल्सिअस, तसंच ठेवलं.

खरा फरक पडला तो थंड करण्यात. रात्रभर भट्टीत निवू देण्याऐवजी २०० अंशांवर असतानाच मूस काढून थेट आर्गॉन वायू भरलेल्या हवाबंद ग्लोव्हबॉक्समध्ये. ओ३ दमट हवेतून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड भराभर ओढते (पी२ ही थरांची दुसरी रचना त्या मानाने सोशिक), आणि थरांतलं सोडियम बाहेर येऊन पुन्हा कार्बोनेट होतं. आता घोळ दुसऱ्या दिवशीही पसरतो.