एरंडेल कुठे विरघळतं? दोन परीक्षानळ्यांत बघा

‘तेल पाण्यात विरघळत नाही’ एवढं लिहून पोरं पुढे जातात. खानापूर तालुक्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवताना हे उत्तर मला कायम अर्धं वाटतं. मग विरघळतं कुठे, तेही बघायला हवं.

शेंगतेल आणि एरंडेल आणा. आमच्या बाजारात एरंडेल मागितलं की दुकानदार ‘हरळेण्णे ना?’ म्हणून खात्री करून घेतो. शेंगा मात्र इथल्या कन्नडातही शेंगाच. सोबत प्रयोगशाळेतलं 95 टक्के इथेनॉल घ्या. सॅनिटायझर नको. एकदा मी 70 टक्क्यांचा वापरला आणि एरंडेल तळाशी बसूनच राहिलं, तास वाया गेला. त्यातलं पाणीच आड आलं होतं. म्हणून नळ्याही उन्हात कोरड्या करा. जवळपास ज्योत अजिबात नको, इथेनॉलची वाफ लगेच पेट घेते.

प्रत्येक नळीत 1 मिली तेल, त्यावर 5 मिली इथेनॉल. बूच लावून हलवा. एरंडेलाच्या नळीत आधी पाक पाण्यात सोडल्यासारख्या रेघा वळवळतात, मग विरून जातात. नळीमागचं अक्षर स्वच्छ वाचता येतं. शेंगतेलाची नळी गढूळ होते आणि थोड्या वेळानं तेल वेगळं होतं. पण खाली! पाण्यावर तरंगणारं तेल इथे बुडतं, कारण त्याची घनता 0.91 च्या आसपास, इथेनॉलची 0.8. इथे पोरांना घाई करू देऊ नका.

दोन्ही तेलं ट्रायग्लिसराइडच, म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. पण एरंडेलातलं बहुतेक मेदाम्ल रिसिनोलिक. त्याच्या 18 कार्बनच्या साखळीत बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल (OH) गट असतो. इथेनॉलमध्येही तोच गट, त्यामुळे दोघांचे हायड्रोजन बंध जुळतात. शेंगतेलाच्या साखळ्यांवर तो नाही. पेट्रोलियम इथर, म्हणजे खनिज तेलातून मिळणारा, असा गट नसलेला द्रावक घेतला तर चित्र उलटतं: शेंगतेल सहज मिसळतं, एरंडेल कमी.

आता एरंडेलाचं स्वच्छ द्रावण थेंब थेंब पाण्यात सोडा. पाणी ताकासारखं पांढरं होतं. इथेनॉल पाण्यात गेलं, तेलाचे बारीक कण मागे राहिले. शेंगतेलाच्या नळीतला वरचा थर नितळ झाला की ड्रॉपरनं उचलून तसाच पाण्यात सोडा. पांढरट झाक येईल, म्हणजे तिथेही थोडं तेल विरघळलेलं होतंच. वहीत ‘अविद्राव्य’ नको, ‘अल्प विद्राव्य’ असं लिहून घ्या.