कॅन्सर झालेल्या पोराच्या घरी मदत करायचीय? सफरचंदं नका नेऊ

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या कॉलनीत एका पाच वर्षांच्या पोराला ब्लड कॅन्सर निघाला तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे सफरचंदांचा ढीग अन् चार टेडी जमले. टेडी गेले माळ्यावर, केमोत रक्तातल्या पेशींचे काउंट पडले की धूळ धरणारं काही पोराजवळ ठेवू देत नाहीत. आणि त्याच दिवशी त्याची आई जिन्यात मला हळूच विचारते, ताई, परवा पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचंय, पाचशे आहेत का?

तर मुद्दा असा की औषधोपचाराचा मोठा भाग बऱ्याचदा कुठून तरी उभा राहतो, महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे, ट्रस्ट आहेत. उभं राहत नाही ते परळला टाटा हॉस्पिटलला जायचं-यायचं भाडं, तिथलं खाणं, आणि बापाचे बुडालेले रोज. त्यात मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो एएलएल नावाचा ब्लड कॅन्सर, त्याची ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षं चालते. लोकांचा उत्साह दोन महिने. म्हणून एकदम दहा हजार देऊन मोकळं होण्यापेक्षा चार-सहा घरं मिळून दर महिन्याला ठरलेली रक्कम टाका, आम्ही 5 तारखेला सरळ आईच्या खात्यात जीपे करतो आणि हिशोब मागायचा नाही असं ठरलंय (एकानं दुसऱ्याच महिन्यात मागितला, असो).

पैसे नसतील तर माहिती द्या, तीही मदतच आहे. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत असते, सोबतच्याला 75 टक्के. सेकंड क्लास आणि चेअर कारला दोघांनाही 75. त्यासाठी हॉस्पिटलकडून ठराविक नमुन्यातला दाखला घ्यायचा आणि तो नाशिकरोडच्या खिडकीवर दाखवायचा. आमच्या लोकांना हे दोन महिने कोणी सांगितलंच नाही, पूर्ण तिकीट काढून जात होते!

मुंबईत राहायचं कुठे हा दुसरा घोर. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आणि सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स 2006 पासून अशा मुलांना आईबापासकट फुकट ठेवून घेतात, पण तिथं हॉस्पिटलच्या सोशल वर्करमार्फत जावं लागतं, तेव्हा आधी त्यांना गाठा. ओळखीचं कोणी आजारी नाही पण द्यायचंय, तर अशाच संस्थांना द्या, पावती घ्या. 80जीची इन्कम टॅक्समधली सूट हवी असेल तर 2000 च्या वर रोख देऊ नका, आणि नव्या टॅक्स रिजीममध्ये ही सूट मिळतच नाही हे लक्षात ठेवा.

प्लेटलेट्स फक्त पाचेक दिवस टिकतात, फार आधीपासून साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून फोन आला की त्या द्यायला जाणारे आठ-दहा जण आधीच लिहून ठेवा. सर्दी असेल तर भेटायला जाऊच नका, आणि पोराचा टक्कल पडलेला फोटो ग्रुपवर फिरवायच्या आधी आईबापाला विचारा.

अजून एक, मोठ्या बहिणीचं कोण बघतं ते विचारा. आईबाप परळला असले की यांची पोरगी आमच्याकडे झोपते, तिसरीत आहे, तिला दोन वेण्या लागतात, एक घातली की शाळेत जात नाही.