सस्पेन्शन आणि ब्रेकचं काम काढण्याआधीची तयारी (आणि कॉपर वॉशर)

आपल्या साध्या गाडीला वरच्या मॉडेलचे जुने ब्रेक-सस्पेन्शनचे पार्ट स्वतः लावणार असाल तर सगळ्यात आधी कॉपर वॉशर घ्या, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. ब्रेकचा रबरी होज (ऑइलची नळी) कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ज्या पोकळ बोल्टने बसतो तो बँजो बोल्ट, आणि होजच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वॉशर असतो. तो दाबून चपटा होतो म्हणून ऑइल गळत नाही, आणि एकदा चपटा झाला की त्याचं काम संपलं, परत लावायचा नाही. पुढच्या दोन चाकांना मिळून चार लागतात, तुम्ही आठ घ्या, किरकोळ पैशांचा माल आहे. मागच्या वेळी मी कॅलिपर, डिस्क, पॅड सगळं आणलं आणि नेमकं हेच राहिलं. रविवार दुपार, गाडी स्टँडवर, लाइन उघडी, आणि अख्ख्या ठाण्यात स्पेअर पार्टवाल्याचं एक शटर वर नाही. जुनेच वॉशर पॉलिश पेपरवर घासून लावले, पेडल दाबलं की बोल्टच्या कडेने थेंब. असो.

काय करतोय ते कागदावर लिहून काढा. आपण बोलतोय ते खालच्या व्हेरियंटच्या फॅमिली कारला त्याच प्लॅटफॉर्मच्या वरच्या मॉडेलचे भंगारातले फॅक्टरी पार्ट लावण्याबद्दल. म्हणजे पुढची मोठी डिस्क, तिचं कॅलिपर आणि ब्रॅकेट, जाड अँटी रोल बार (वळणावर गाडी कमी कलू देणारा दांडा), जमलं तर स्प्रिंगा. मागचा ड्रम काढून डिस्क करायची हौस सोडून द्या. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि तिथे जास्त ब्रेक लागला तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरते, शिवाय हँडब्रेकची केबल वेगळी, बॅक प्लेट वेगळी, कशाला ते. आणि कायद्याचं एक, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, त्यामुळे आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्यांना आधी विचारा, अपघातानंतर नको.

आता खरेदी. कुर्ल्याला सीएसटी रोडला (जुन्या पार्टच्या बाजारात) जाणार असाल तर सकाळी जा, उन्हात डोकं चालत नाही आणि मग भाव करायचाही कंटाळा येतो. बरोबर वर्निअर (व्यास-जाडी मोजायला), टॉर्च, रिंग पाने, चिंध्या आणि डिकीत गाडीची स्टेपनी. हो, स्टेपनीच, अलॉय नाही. मोठ्या कॅलिपरवर अलॉय आरामात बसतं आणि १४ इंची लोखंडी स्टेपनी आतून घासते, हे तुम्हाला घोडबंदरला गायमुखच्या चढावर पंक्चर झाल्यावर कळण्यापेक्षा दुकानात कळलेलं बरं. डिस्क, कॅलिपर, ब्रॅकेट तिथेच जोडा आणि वर रिम ठेवून फिरवून बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

कॅलिपर घेताना पिस्टनचा व्यास मोजा. पिस्टन मोठा आणि आपला मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) जुनाच, असं झालं की पेडल जास्त खाली जातं, कारण तेवढंच ऑइल आता मोठी जागा भरणार. त्यामुळे पिस्टन साधारण आपल्याच मापाचा आणि डिस्क मोठी, असं कॉम्बिनेशन मिळालं तर ते उचला. स्लायडर पिना (ज्यांच्यावर कॅलिपर सरकतं) हाताने सरकल्या पाहिजेत. पिस्टनचा रबरी बूट जरा उचलून आत टॉर्च मारा, आत बारीक वाळलेला चिखल दिसला तर ती पुराच्या पाण्यात उभी राहिलेली गाडी, ठेवा खाली आणि पुढच्या दुकानात जा. आणि सगळ्यात महत्त्वाचं (वॉशरनंतर), ब्लीडिंगचा (लाइनमधली हवा काढायचा) निप्पल दुकानदाराला तुमच्या समोर खोलायला लावा. गंजलेला निप्पल पाना लावला की आत तुटतो. तिथे तुटला तर त्याचा, पार्किंगमध्ये तुटला तर तुमचा.

स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात, ग्रीसच्या थराखाली, चिंधीने पुसल्यावर दिसतात. ते कंपनीने ग्रेड ओळखायला मारलेले असतात. डाव्या-उजव्या स्प्रिंगचे ठिपके जुळले पाहिजेत, नाही जुळले तर दुकानदार काहीही सांगो, ती जोडी नाही. डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा पेट्रोलला लावू नका, डिझेल इंजिन जड म्हणून त्या कडक असतात, पेट्रोल गाडी नाक वर करून उभी राहते आणि दर खड्ड्याला घरचे तुमच्याकडे बघतात. जुना शॉकअप घेणारच असाल तर रॉड पूर्ण खाली दाबून बघा, सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे, मध्येच मोकळा पडला की बाद. रॉडच्या क्रोमवर गंजाचे खड्डे असतील तरी बाद, ते नवीन सील पण फाडतात. मी तर म्हणतो शॉकअप नवीनच घ्या.

नियम सोपा आहे, लोखंड जुनं चालेल, रबर नवीनच. होज, बुश (सांध्यातलं रबर), कॅलिपरचं सील किट, बम्प स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की टेकायचं रबर), स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र) माउंटिंग, सगळं नवीन. पॅड नवीन हे सांगायला नको. डिस्क जुनी असेल तर तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते, वर्निअरने मोजा, त्याच्या जवळपास असेल तर परत ठेवा. आणि हे नवीन रबर घ्यायला ज्या काउंटरवर जाल, तिथेच कॉपर वॉशर मागा. होजबरोबर येतात असं तो म्हणेल. पाकीट फोडून बघा. माझ्या पाकिटात नव्हते. बोल्टच्या मापाने घ्या, म्हणजे एक जुना बोल्ट खिशात ठेवा.

ब्रेक ऑइल डॉट ४, सीलबंद बाटली, गाडीच्या मॅन्युअलमध्ये तेच लिहिलंय ना बघून. कपाटात अर्धी उरलेली बाटली असते ती टाकून द्या. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं. ताज्या डॉट ४ चा उकळण्याचा बिंदू किमान २३० अंश, पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत येऊ शकतो. घाट उतरताना ते उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, पेडल तळाला जातं आणि ब्रेक लागत नाही.

जागा: सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा, वॉचमनला पण. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायचा तुकडा घाला, ब्लॉक खचतात आणि स्टँड तिरका होतो, हे मी दोन बोटांच्या अंतरावरून बघितलंय. जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, मागच्या चाकांना दगड लावायचे, वगैरे, हे माहितीच असेल. ऑइल बॉडीवर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग जातो. स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने आणा, तारेने बांधून स्प्रिंग दाबणारा मेकॅनिक दिसला तर लांब उभे राहा. स्ट्रट असेंब्ली गॅरेजमधून जोडून आणली तर अजून उत्तम, त्यात कमीपणा नाही.

शनिवारी रात्री सगळं एका चादरीवर मांडा आणि मोजा. कॅलिपर दोन, होज दोन, बोल्ट दोन, वॉशर? वॉशर. वॉशर हातात घेऊन मोजा, "असतील पिशवीत" चालणार नाही. नसतील तर रविवारचं काम रद्द, लाइन उघडायचीच नाही.

काम सुरू झाल्यावर फार सांगण्यासारखं नाही. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी बघून जोडता येते. रिझर्व्हॉयर रिकामा होऊ देऊ नका, एबीएसमध्ये (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हवा गेली की स्कॅनरवाल्याकडे जावं लागतं. लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) बुशचे बोल्ट आधी नुसते लावा, फायनल गाडी चाकांवर उतरवल्यावर, नाहीतर बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. टॉर्क, म्हणजे बोल्ट किती घट्ट, तो मॅन्युअलप्रमाणे. हवा काढताना क्रम मॅन्युअलचा, पेडल दाबायला माणूस लागतो, बायकोला किंवा मुलाला आधी विचारून ठेवा. पेडल घट्ट झालं की पूर्ण जोराने दाबून धरा आणि बँजोच्या खाली कोरडा टिश्यू फिरवा. ओला झाला तर गाडी हलवायची नाही.

मग व्हील अलाइनमेंट, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. नवीन पॅड डिस्कवर नीट घासून बसावेत म्हणून पहाटे पाम बीच रोडला, मागे कोणी नसताना, गाडी ताशी साठ किलोमीटरवरून वीसवर आणायची, दहाएक वेळा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये थोडं गार होऊ द्यायचं. पहिला आठवडा कसारा, माळशेज नाही. जुने पार्ट तोवर भंगारात देऊ नका, काही बिनसलं तर तेच परत लावायला लागतील.