कुरव आणि सुरय यांच्या वर्तनाची नोंद कशी ठेवावी

हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर कुरव (गल) आणि सुरय (टर्न) या पाणपक्ष्यांचे थवे उतरले की बहुतेक निरीक्षक जाती ओळखतात, संख्या लिहितात आणि पुढे निघतात. पक्षी अन्न कसे मिळवतो आणि मिळवलेले कोण हिरावून घेतो, हे समजून घ्यायचे असेल तर मात्र एका जागी तासभर बसण्याची तयारी हवी. दापोलीजवळचे हर्णे बंदर त्यासाठी मला विशेष सोयीचे वाटते, कारण तेथे होड्या परतल्यावर पुळणीवरच मासळीचा लिलाव होतो आणि टाकाऊ मासळीसाठी पक्षी अगदी जवळ येतात. लिलावाच्या वेळी सूर्य समुद्राकडे कललेला असल्याने होड्यांच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला बसावे. सकाळी गेल्यास ऊन पाठीमागून येते. दुर्बीण ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी व्यासाच्या भिंगांची) पुरेशी आहे.

थव्यातील एकच पक्षी निवडावा, पाच मिनिटे नजर त्याच्यावरच ठेवावी आणि त्याचे प्रयत्न किती झाले, त्यांतले यशस्वी किती ठरले हे लिहावे. वेळेबरोबर भरती आहे की ओहोटी, हेही नोंदवावे. सुरय चोच खाली रोखून हवेत क्षणभर स्थिरावतो आणि डोके पुढे करून पाण्यात सूर मारतो. कुरव बहुधा पृष्ठभागावरचे उचलतो. म्हणून दोघांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

खरी रंगत पळवापळवीत आहे. सुरयाने मासा धरला की कुरव त्याच्या मागे लागतो, सुरय वळणे घेत उंच जातो, चोचीतला मासा डोक्याकडून गिळण्याची धडपड करतो आणि ते जमले नाही तर मासा सोडून देतो. तो पाण्यावर पडण्याआधीच कुरव झेलतो. अशा वेळी पक्ष्याऐवजी माशावर नजर ठेवावी. पाठलाग किती सेकंद चालला, मासा केवढा होता आणि अखेरीस कोणाच्या पोटात गेला, या तीन गोष्टी लिहिल्या तरी नोंद मोलाची होते. मोठा मासा गिळायला वेळ लागतो, त्यामुळे तो पळवला जाण्याची शक्यता अधिक असते. आपल्या नोंदींत हे दिसते का, ते अवश्य पडताळावे.

या कुरवांची वीण मात्र येथे पाहता येत नाही. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि तिबेटमधील सरोवरांकाठी घरटी करतो. मार्चच्या सुमारास त्याचे पांढरे डोके गडद होऊ लागते, तेवढीच विणीच्या तयारीची खूण आपल्याला दिसते. प्रणयाराधन पाहायचे असेल तर उन्हाळ्यात देशावरच्या जलाशयांकाठी नदी सुरय पाहावा. नर मासा चोचीत धरून मादीपुढे येतो आणि तिला भरवतो. त्याची अंडी वाळूतील उथळ खळग्यात उघड्यावरच असतात. पक्षी ओरडत आपल्या डोक्यावर घिरट्या घालू लागले की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून आल्या वाटेने, पायाखाली पाहत, लगेच मागे फिरावे. पालक दूर राहिले तर अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांना ती सहज सापडतात.